एका पेसोची पाच मिनिटं

१ सप्टेंबर, सोमवार

पुन्हा मेलो! तेही पुलाच्या तोंडाशी. समोर शत्रूचा रणगाडा दिसला, मी आमचा वळवला, धूर आला — आणि पडदा गोठला. चित्र हललं तेव्हा आमचा कोळसा झाला होता. मी चालवणारा; काद्योस, खेळातच भेटलेला जोडीदार, तोफेवर. दोघांत एकच रणगाडा, त्यामुळे मरायचं तेही जोडीनं.

काद्योसनं खाली लिहिलं, "सेगुंडो, वाफ संपली का तुझी?"

नाचता येईना अंगण वाकडं असं कुणी म्हणेल, पण इथे अंगण खरंच वाकडं आहे. धूर आला की माझा कॉम्प्युटर गुदमरतो. आठ वर्षांचा आहे. सेंदाची — माझ्या मुलीची — सेबूला बदली झाली तेव्हा ती इथेच टाकून गेली. त्यात आज खेळावर सूचना आली: एक ऑक्टोबरपासून नवी आवृत्ती, जुनी ग्राफिक्स कार्डं चालणार नाहीत. माझ्या कार्डाचं नाव यादीत आहे.

समोर पासिंगच्या दुकानात सकाळपासून ख्रिसमसची गाणी. आमच्याकडे सप्टेंबर लागला म्हणजे ख्रिसमस लागला. नेल्फा, माझी बायको, पावणेदोनला छत्री घेऊन गेली. "पासिंगकडे बसते जरा." रोजचंच.

३ सप्टेंबर, बुधवार

ठरलं. ओव्हरहॉल.

ही वही इंजिनरूमची आहे. शेवटच्या बोटीवरून उतरताना दोन कोऱ्या वह्या माझ्या पिशवीत कशा आल्या कोण जाणे. रकाने छापलेले आहेत — तेलाचा दाब, पाण्याचं तापमान. भरायला काहीच नाही, म्हणून त्यांच्यावरून लिहितो. बऱ्याच दिवसांनी त्यात खरं यंत्रकाम लिहायला मिळणार!

एकतीस वर्षं समुद्रावर. दुसरा इंजिनिअर म्हणून उतरलो, म्हणून अख्खी गल्ली मला सेगुंडो म्हणते. घरी येऊन चौदा महिने झाले. खरं सांगायचं तर पहिले सहा महिने वाईट गेले. बोटीवरून फोन करायचो तेव्हा नेल्फा आणि मी तास-दीड तास बोलायचो. कोंबडीनं अंडी कुठे घातली इथपासून सगळं. आता समोरासमोर बसलो की — भात वाढू? वाढ. मासा खारट झालाय का? नाही. संपलं. दोघंही माशाकडे बघत जेवतो. तिच्यात खोट नाही, माझ्यातही नाही. पण घोडं कुठे पेंड खातंय ते कळत नाही.

मग फेब्रुवारीत हा खेळ सापडला, आणि चार दिवसांत काद्योस. तेव्हापासून दुपारी दोन ते चार मी माणसात असतो. एक ऑक्टोबरला तेही बंद पडणार असेल, तर मी हातावर हात ठेवून बसणार नाही.

४ सप्टेंबर

यादी: कार्ड. मेमरी. प्रोसेसर. मदरबोर्ड. हार्ड डिस्क काढून एसएसडी. आणि सगळ्यात आधी पॉवर सप्लाय — जनरेटर धड नसेल तर मुख्य इंजिन सोन्याचं असून काय उपयोग? खिशात पंचेचाळीस हजार पेसो. राजेशाही नाही, भिकारही नाही. मधला डेक.

५ सप्टेंबर, शुक्रवार

काद्योस आज तीनदा गायब झाला. ऐन लढाईत तोफ गप्प. दोन मिनिटांनी परत — "थांब, नाणं टाकत होतो."

म्हणजे पिसोनेटवर खेळतो. डब्यात एक पेसो टाकायचा, पाच मिनिटं मिळतात. पासिंगच्या दुकानामागेही पडद्याआड तसले सहा डबे आहेत. त्या गोंगाटात मी पाय ठेवत नाही.

माझा तर्क असा की काद्योस इंजिनरूमचा माणूस आहे. बहुतेक ऑइलर, यंत्रांना तेलपाणी करणारा. मनिलात कॉन्ट्रॅक्टची वाट बघत कुठल्या तरी खानावळीत पडलेला, दुपारी वेळ घालवायला नाणी टाकणारा. असे शेकडो पाहिलेत. पुरावा? "हळू पुढे" म्हणतो, "पूर्ण मागे" म्हणतो, माझा रणगाडा तापला की "पाणी बघ" म्हणतो. आणि खेळ संपला की रोज एकच ओळ: "इंजिनाचं काम झालं." बोट धक्क्याला लागली, दोर बांधून झाले की वरून हाच हुकूम खाली येतो. तो आला की आम्ही तेलकट तोंडांनी एकमेकांकडे बघून हसायचो. जमिनीवरच्या माणसाला हे शब्द कुठून माहीत असणार?

विचारलं, कुठली कंपनी? म्हणाला, "लांबची." लाजतो बिचारा. काम नसलं की माणूस असाच बोलतो.

७ सप्टेंबर, रविवार

चर्च. मग नेल्फाच्या हातचा काद्योस — तुरीचे काळे दाणे, डुकराचा खूर, कच्चा फणस. दोन वाट्या रस्सा प्यालो. तिला म्हटलं, माझ्या एका मित्राचं नाव काद्योस आहे. ती म्हणाली, "चांगलं नाव आहे." आणि भांडी घासायला गेली. बोलण्याचा एवढाच विषय होता, तोही संपला.

९ सप्टेंबर, मंगळवार

आज शहरात गिल्दाच्या दुकानात. गिल्दा पासिंगची भाची, पण म्हणून दरात सूट नाही. बाई हुशार. डोक्यावर चष्मा, कमरेला स्क्रू-ड्रायव्हर. मला नोंग म्हणते, म्हणजे दादा; नेल्फाला मानांग, म्हणजे ताई.

मी चार पॉवर सप्लाय मागितले आणि एकेक हातात घेऊन वजन केलं. हलका असेल त्यात तांबं कमी.

"नोंग, कलिंगड घेताय का? वाजवून पण बघा."

मी वाजवूनही बघितला! तीन नंबरचा घेतला. जड, कुरूप, प्रामाणिक. गिल्दा म्हणाली की लोक आधी कार्डाचे दिवे विचारतात. पहिल्यांदा सप्लाय विचारणारं गिऱ्हाईक तिनं वर्षभरात पाहिलं नव्हतं. मग तिनं कपाटातून ते कार्ड काढलं. तीन पंख्यांचं. लांबलचक, काळं, थंडगार. माझ्या बजेटात जेमतेम बसणारं, पण बसणारं. बाकी यादी थोडी आवळायची, बस. पंधरा दिवस राखून ठेव म्हटलं.

१० सप्टेंबर

तीन पंखे! तीन!!

१४ सप्टेंबर, रविवार

आज जास्त बोललो. पाऊस होता, समोरची फळी कमजोर होती, दोन लढाया सहज जिंकल्या. तिसरीची वाट बघता बघता काद्योसला लिहिलं — माझी बायको रोज दुपारी घरातून पळते. मी घरी आल्यापासून. मला बघून पळते असं वाटतं.

नाणं संपलं असेल म्हणून थांबलो. नाणं संपलं नव्हतं, कारण त्याचा रणगाड्यातला माणूस तिथेच उभा होता. बऱ्याच वेळानं ओळ आली.

"पळत नसेल. सवय नसेल."

"कसली?"

"तू घरात असण्याची."

राग आला. खानावळीत पडलेल्या ऑइलरला संसारातलं काय कळतं? लिहिणारही होतो. तेवढ्यात दुसरी ओळ. "तू विचारलंस का कधी तिला?"

नाही विचारलं. लढाई सुरू झाली म्हणून सुटलो.

१६ सप्टेंबर, मंगळवार

विचारलं. जेवताना. "पासिंगकडे काय बोलता तुम्ही दोघी?"

"असंच."

मग काय बोलावं सुचेना, म्हणून तीन पंख्यांचं कार्ड सांगायला लागलो. आणि ती ऐकत राहिली! चमचा खाली ठेवून. शेवटी म्हणाली, "एवढं ओढणारं कार्ड, तर सप्लाय किती वॅटचा घेतलास?"

मी बघतच राहिलो. एकतीस वर्षं इंजिनिअरची बायको आहे, चार गोष्टी कानावरून जाणारच. सांगितलं. तिनं मान हलवली, पुरेल म्हणाली. आज पहिल्यांदा माशाकडे न बघता जेवलो. काद्योसला उद्या सांगायला हवं, ऑइलर असला तरी सल्ला बरा होता.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

सांगितलं. तो खूश झाला. मग म्हणाला, तीस तारखेनंतर आपलं संपलं. पिसोनेटचे डबे माझ्या कॉम्प्युटरहूनही म्हातारे. मालकीण म्हणते, जुने खेळ काय वाईट आहेत?

मी लिहिलं, माझं नवं इंजिन पुढच्या आठवड्यात येतंय.

"छान. चांगला तोफवाला मिळेल तुला."

छान कसलं! सात महिने मी पुलावर कधी वळणार हे मला कळायच्या आत या माणसाला कळतंय. तीन पंखे कुणाला दाखवायचे? रिकाम्या तोफेला?

२० सप्टेंबर, शनिवार

सकाळी पानदेसाल कॉफीत बुडवताना सुचलं. पाव कॉफीतच राहिला.

माझ्या दुसऱ्या बोटीला एकच मोठं इंजिन होतं. देखणं. हिंदी महासागरात बंद पडलं आणि आम्ही अकरा दिवस लाटांवर नुसते डुलत होतो. पाचव्या बोटीला दोन मध्यम इंजिनं. दोन्ही दिसायला सामान्य. पण ती बोट कधी थांबली नाही, एक दमलं की दुसरं ओढायचं.

एक मोठं नको. दोन मध्यम!

२२ सप्टेंबर, सोमवार

गिल्दाचं तोंड बघण्यासारखं झालं. तीन पंख्यांचं कार्ड परत कपाटात. नवा प्रोसेसर, नवा मदरबोर्ड रद्द. त्याऐवजी एकेका पंख्याची दोन छोटी कार्डं, मेमरीच्या दोन जोड्या, दोन छोट्या एसएसडी, आणखी एक कुरूप सप्लाय, आणि तिच्या गोदामातला एक जुना ऑफिसचा कॉम्प्युटर. तिनं लगेच तपासून दाखवलं: नवी आवृत्ती दोन्हींवर चालेल, चित्र मात्र मध्यम. धूर जरा खडबडीत दिसेल. दिसू दे. धूर आहे, लग्नातला झगा नाही.

"दुसरा कुणासाठी, नोंग?"

मी म्हटलं, जोडीदार आहे एक. रोज दुपारी भेटतो आम्ही. त्याच्यासाठी.

गिल्दानं चष्मा खाली ओढला. "मानांग नेल्फांना माहीत आहे?" असं काहीतरी म्हणणार होती बहुतेक, पण नुसतं "मानांग नेल्फांना..." म्हणून थांबली. मी म्हटलं, तिला सांगू नकोस, मीच सांगेन सावकाश. बिल केलं, ट्रायसिकलमध्ये खोकी टाकली, निघालो.

ट्रायसिकल पुलावर आली तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या बोलीत तो आणि ती एकच — सिया! मी म्हटलं त्याच्यासाठी. गिल्दानं ऐकलं तिच्यासाठी. रोज दुपारी! आणि मी बोटीवरचा माणूस, आमची ख्याती काय आहे ते सगळ्यांना ठाऊक. परत जाऊन खुलासा करावा का? तो तर आणखी वाईट दिसला असता. घरी आलो.

२४ सप्टेंबर, बुधवार

अपेक्षेप्रमाणे. सकाळी पासिंग रस्त्यापलीकडून, हातात झाडू — "काय सेगुंडो, दोन-दोन चुली पेटवतोयस म्हणे!" मी म्हटलं कॉम्प्युटर आहेत गं ते. "हो, हो, कॉम्प्युटर," म्हणाली.

नेल्फानं काही विचारलं नाही. ताट मात्र टेबलावर असं ठेवलं की भात उडाला. दुपारी छत्रीही न घेता गेली, ऊन असताना.

२५ सप्टेंबर, गुरुवार

आज काद्योस खेळायच्या मूडमध्ये नव्हता. तोफ भरलेली, उडवीना. मग लिहिलं —

"दोन यंत्रं घेतलीस ना? दुसरं कुणाला?"

मी त्याला दोन म्हणून कधी सांगितलं ते आठवेना, पण हल्ली मी बडबडतो खूप. ठरवलं होतं की जोडून झाल्यावर चकित करायचं. पण थेट विचारलं तर खोटं कशाला?

"तुला."

मी पुढे लिहीत गेलो. की मोठं कार्ड रद्द केलं. की एकट्यानं चांगलं चित्र बघण्यापेक्षा दोघांनी मध्यम बघितलेलं बरं. की बोटीवर एकतीस वर्षं काढली पण असा जोडीदार मिळाला नव्हता. की तू सांगितलंस म्हणून मी बायकोशी बोललो, आणि ती ऐकत होती, आणि मला फार बरं वाटलं. एवढं सगळं लिहिलं. मग त्याचा माणूस पडद्यावरून नाहीसा झाला. नाणं संपलं. पुन्हा टाकलं नाही.

फार बोललो बहुतेक. ऑइलर घाबरला.

नेल्फा अर्ध्या तासातच घरी आली. डोळे लाल. म्हणाली, पासिंग कांदे चिरत होती. मग रात्रीच्या जेवणाला काद्योस केला. गुरुवारी! रविवार नाही, सण नाही. मला खूर दोनदा वाढला. पासिंगनं तिला कॉम्प्युटरचं खरं सांगितलं असणार. बायकांचं काही कळत नाही, पण जीव भांड्यात पडला.

२७ सप्टेंबर, शनिवार

आजचा दिवस वहीत मोठ्या अक्षरांत लिहावा असा!

जेवणाच्या टेबलावर चादर अंथरून दोन्ही उघडे केले. स्क्रू अंड्यांच्या ट्रेमध्ये, एकेका खळग्यात एकेक जात. नेल्फा टॉर्च धरायला उभी राहिली. मी न सांगता. हात पुढे केला की त्यात हवा तोच स्क्रू-ड्रायव्हर. मेमरी बसवताना मी जोर लावत होतो, तर म्हणाली, "खटका उलट्या बाजूला आहे." होता! प्रोसेसरवर पेस्ट लावताना मी जास्त पिळली, तर म्हणाली, "पावाला लोणी लावतोयस का?"

चार तास. चार तास बोलत होतो आम्ही! कोंबडी, सेंदा, पासिंगचा गुडघा, माझी पाचवी बोट, तिच्या बापाची होडी. फोनवर बोलायचो तसं. हात कामात होते आणि नजर यंत्रात होती, म्हणूनही असेल.

दोन्ही पहिल्या झटक्याला सुरू. मी टाळ्या वाजवल्या.

तिनं दुसऱ्यावरून हात फिरवला. "हा कुणाचा?"

"मनिलात एक ऑइलर आहे."

ती हसायला लागली. आधी हळू, मग एवढी की खुर्ची ओढून बसली, डोळे माझ्याच चादरीला पुसले. मी विचारलं काय झालं. म्हणाली, "काही नाही. ऑइलर. बरं. पाठवणार कसा?"

ते मलाही माहीत नव्हतं.

"पत्ता विचार त्याला," म्हणाली.

२९ सप्टेंबर, सोमवार

काद्योस आला! गुरुवारबद्दल काही बोलला नाही, मीही नाही. पत्ता मागितला. म्हणाला, पाठवू नको, मी इलोइलोतच असतो. मनिला तुझ्याच डोक्यात होतं.

म्हणजे सात महिने इथेच! याच शहरात!

"बुधवारी दोन वाजता येतो," म्हणाला. "बायको असेल का घरी?"

मी लिहिलं, त्या वेळी ती पासिंगकडे असते, पण थांबवून ठेवतो. तिची ओळख करून द्यायची आहे.

"नको थांबवू," म्हणाला.

३० सप्टेंबर

नेल्फाला सांगितलं, उद्या पाहुणा आहे, थांबशील का? म्हणाली, जमलं तर. केळी तळून ठेवते. खोली झाडली. नवा शर्ट काढला. साठी उलटली तरी असं होतं.

१ ऑक्टोबर, बुधवार

पावणेदोनला नेल्फा छत्री घेऊन गेली. जमलं नाही म्हणजे. वाईट वाटलं.

दोनला दारावर थाप. उघडलं. दारात नेल्फा. बगलेत छत्री, दोन्ही हातांत पेसोंची बरणी.

"आत घेणार का तोफवाल्याला?"

मी उंबऱ्यावरच बसलो. ती शेजारी बसली. म्हणाली, "तू समोर आलास की मला बोलायला सुचायचं नाही. एकतीस वर्षं तू लांबूनच बोललास. म्हणून मग मीच लांब गेले. रस्त्यापलीकडे."

बरणी माझ्या मांडीवर ठेवली. "घे. इंजिनाचं काम झालं."

दर कॉन्ट्रॅक्टच्या शेवटी फोनवर मी तिला हेच सांगायचो. म्हणायचो मी, पाठ तिला झालं.

केळी गार झाली. धूर खडबडीत दिसतो. पूल घेतला!

आणि गिल्दानं बरोबर ऐकलं होतं.